मागून ‘आहे’ म्हणायचं

माझ्या आईला ऐकू कमी येतं, आणि फोनवर तर तिचा मुळीच विश्वास नाही. आपण बोलत असताना पलीकडचं माणूस फोन तसाच ठेवून कामाला निघून जातं, अशी तिची पक्की समजूत आहे. त्यामुळे दर दोन वाक्यांनी ती विचारते, “आहेस का?” मी म्हणते, “आहे.” मग ती पुढे सरकते. वहिनीचे गुडघे, दादाची दाढ, शेजारणीची नवी सून. परत “आहेस का?” परत “आहे गं, आहे.” आमच्या गप्पांमधला माझा वाटा एवढाच.

हे फोन मी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून करायचे. माझ्या भाड्याच्या खोलीत रेंज यायची ती हात खिडकीबाहेर काढला तरच, आणि हात बाहेर काढून आईशी बोलणं मला जमलं नाही. एकदा असाच फोन संपवून उठले तर मागे गणिताच्या बाई उभ्या. काखेत वह्यांचा गठ्ठा, हातात छत्री. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, “तुमची आई पण फुटबॉल खेळते?”

मला आधी काही कळेना. मग कळलं आणि मी इतकी हसले की पायरीवर परत बसावं लागलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. त्या शाळेत ‘आहे’ हा शब्द फुटबॉलचाच होता.

तो तसा कसा झाला, ते सांगते. मी शाळाशाळांतून मुलामुलींना फुटबॉल शिकवते. एक संस्था मला पाठवते. एका देशात, एका शाळेत, एक शालेय वर्ष. वर्ष संपलं की पुढचा देश, पुढची शाळा. तेवढ्या वेळात संघ उभा करायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाला तयार करायचं, म्हणजे मी गेल्यावर तो संघ चालू राहतो. ऐकायला सोपं वाटतं. मुलांना शिकवणं खरंच सोपं आहे, त्यांना पडायची लाज नसते. मोठ्या माणसाला मैदानात उतरवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. वहिनी म्हणते, वन्संच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी नाही, चेंडू आहे, असं मी एकदा म्हणाले होते, पण घरात तो विनोद कोणाला आवडला नाही.

पहिल्या देशातलं मैदान उतारावर होतं. वरच्या बाजूच्या संघाला निम्मे गोल फुकट मिळायचे. तिथेच हा शब्द माझ्या तोंडून सुटला. एक मुलगी चेंडू घेऊन कोपऱ्यात अडकली, तिघी अंगावर आल्या, आणि तिच्या मागे तिचीच मैत्रीण तोंड मिटून उभी. मला तिथली भाषा तेव्हा धड येत नव्हती. रागाच्या भरात मी आपल्या भाषेत ओरडले, “अगं, ‘आहे’ म्हण की तिला!” बाकी काही न कळता त्यातलं ‘आहे’ तेवढं उचलून तिने म्हटलं. पहिलीने चेंडू मागे दिला. झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुली एकमेकींच्या मागे जाऊन ‘आहे’ म्हणायला लागल्या.

शब्द माझा नव्हता, दादाचा होता. लहानपणी घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही खेळायचो. त्याचे मित्र मला घेरायचे, मी सगळ्यांत लहान, त्यात मुलगी, चेंडू पायात अडकलेला आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. तेव्हा दादा मागून यायचा आणि म्हणायचा, “आहे.” बस. म्हणजे मी मागे आहे, वळून बघत बसू नकोस, टाचेने मागे ढकल. मी ढकलायचे, आणि तो असायचाच. ज्याच्या पायात चेंडू असतो त्याला पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही. मागे कोण आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. फुटबॉलमधलं इतर सगळं मी नंतर शिकले, हे आधी शिकले.

पहिल्या देशातून मी निघाले तेव्हा तिथल्या सरांनी संघ पुढे चालवायचं कबूल केलं होतं. सर चांगले होते, पण त्यांना खेळ आवडत नव्हता, मी आवडत होते. पुढच्या वर्षी एका मुलीने फोटो पाठवला. गोलची जाळी कोणीतरी भाजीच्या वाफ्यावर पसरली होती, पक्षी बसू नयेत म्हणून. दुसऱ्या देशात शाळेला मैदानच नव्हतं, आम्ही गच्चीवर खेळायचो आणि निम्मा वेळ खाली पडलेला चेंडू आणण्यात जायचा. तिथला संघ अजून चालू आहे. म्हणजे एकात नापास, एकात पास. हा तिसरा.

तिसऱ्या शाळेने तयार करायला मला दिल्या त्या गणिताच्या बाई. शाळेत खेळाचं कोणी नव्हतं आणि बाईंचे दोन तास रिकामे होते, एवढाच त्यांचा फुटबॉलशी संबंध. मैदानावर शाळेचं एक मोठं माणूस हजर असलं पाहिजे, असा नियम होता, म्हणून त्या यायच्या. मैदानात नाही, पायऱ्यांवर. छत्री उघडून बसायच्या आणि वह्या तपासायच्या. ऊन असो, ढग असो, छत्री उघडीच. मी बोलावलं की नम्रपणे म्हणायच्या, आज राहू दे, उद्या बघू. असं करत वर्ष अर्ध्यावर आलं. मी हात टेकले नव्हते, पण टेकायच्या बेतात होते.

मुली मात्र फार गोड होत्या. एकीला मी ‘घाई’ म्हणायचे, कारण चेंडू पायात आला की घरी कोणीतरी वाट बघत असल्यासारखी ती सुटायची. दुसरी लांबुडकी, मागे राखणारी, बोलायला कंजूष. आमची भाषा मोडकीतोडकी. त्यांचे शब्द मी चुकीचे बोलायचे, त्या दुरुस्त करायच्या, मी परत चुकायचे. ‘आहे’ मात्र मैदानभर घुमायचा. त्यांच्या भाषेत ‘ह’ नाही, त्यामुळे त्या ‘आए’ म्हणायच्या. आए, आए, आए. पायऱ्यांवरून कोणी ऐकलं तर वाटावं, आईच्याच मागे लागल्यात.

खरं सांगायचं तर त्या शब्दाचा मला फार आधार होता. खोलीवर परतले की बोलायला कोणी नाही. किटलीचं झाकण दाबून धरलं नाही तर उडायचं, त्याला मी दोन शब्द सुनवायचे, तेवढाच माझा संसार. खालच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहायची. तिचं मशीन चालू असलं की बरं वाटायचं, थांबलं की जिना, खोली, गल्ली सगळंच थांबल्यासारखं व्हायचं. एकटं वाटायचं. सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही. अशात दुपारी मैदानावर परक्या पोरींच्या तोंडून घरचा शब्द ऐकू यायचा आणि दिवस निभायचा.

मग साहेब आले.

संस्थेच्या मुख्य कचेरीतून वर्षातून एकदा कोणीतरी पाहणीला येतं. हे साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, स्वच्छ बूट, आणि आवाज कधी चढवायचा नाही असं ठरवून जन्माला आलेले. अशा माणसांचा मला राग येतो, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांनी सराव पूर्ण पाहिला. शेवटी घाईला जवळ बोलावून विचारलं, तुम्ही सारखं ओरडता ते काय? घाईला प्रश्नच विचित्र वाटला. ती म्हणाली, फुटबॉलची भाषा आहे, गोल, कॉर्नर, आए.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाच्या नाडीकडे पाहिलं.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून ते माझ्याशी बोलले. सराव उत्तम आहे म्हणाले. मुलींचा दम चांगला आहे म्हणाले. मग संस्थेच्या नियमाची आठवण करून दिली की मैदानावरच्या हाका मुलांच्या स्वतःच्या भाषेत असल्या पाहिजेत. नियम मला पाठ होता. तो चांगला आहे हेही मला माहीत होतं. माझ्या मनात उत्तर तयार होतं की गोल आणि कॉर्नर तरी या मुलींच्या आजीने शोधून काढलेत का, पण मी ते गिळलं.

साहेब म्हणाले, “उद्या तुम्ही गेल्यावर या मुलींनी हाक कोणाच्या भाषेत मारायची?”

मी म्हणाले, बदलते.

“आणि त्या बाई? त्या पायऱ्यांवरून खाली कधी येणार?”

मी म्हणाले, येतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की आंतरशालेय सामन्याला ते परत येणार आहेत. तोवर शाळेचं कोणी संघाची जबाबदारी घ्यायला तयार नसेल तर पुढच्या वर्षी संस्था इथे काही देणार नाही. चेंडू, बूट, जाळ्या, सगळं दुसऱ्या शाळेला जाईल. यात त्यांचाही इलाज नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर भाजीचा वाफा आला.

त्या संध्याकाळी मी मोबाइलमध्ये ‘आहे’ला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते शोधलं. एक शब्द निघाला. छोटा, ओरडायला सोपा, मला तर आवडलाच. दुसऱ्या दिवशी मुलींना ओळीने उभं केलं आणि सांगितलं, आजपासून जुना शब्द बंद, हा नवा. मैत्रिणीच्या मागे जायचं आणि हा म्हणायचा. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, लाजताय काय, ओरडा. लांबुडकी घाईच्या मागे गेली आणि आज्ञाधारकपणे ओरडली.

घाई चेंडू सोडून खाली बसली. मग आडवी झाली. मग सगळ्याच आडव्या. काही मुली हसून हसून गवत उपटत होत्या. मी मधोमध शिट्टी घेऊन उभी, माझं काय चुकलं ते सांगायच्या स्थितीत कोणी नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवरून गणिताच्या बाई उठल्या. छत्री तशीच डोक्यावर धरून त्या मैदानाच्या पांढऱ्या रेघेपर्यंत आल्या, क्षणभर थांबल्या आणि रेघ ओलांडून आत आल्या. “हा शब्द दुकानातला आहे,” त्या मला म्हणाल्या. “साबण आहे, खिळे आहेत, माल आहे, तेव्हा असं म्हणतात. माणसाला नाही म्हणत.”

म्हणजे मी लांबुडकीला मागून ओरडायला लावलं होतं की माल शिल्लक आहे.

आपल्याकडे डब्यात साखर आहे आणि घरात आई आहे, दोन्हीला एकच ‘आहे’ पुरतं. त्यांच्याकडे पुरत नाही. वस्तूचं असणं वेगळं, माणसाचं असणं वेगळं. हे मला इतके महिने त्या देशात राहून माहीत नव्हतं, कारण कोणी माणूस घरात आहे का असं विचारायची वेळच माझ्यावर आली नव्हती. मी बाईंना विचारलं, मग माणसासाठी काय म्हणायचं? त्यांनी सांगितलं. शेवटी ओठ मिटतात असा शब्द. कोणी दारातून हाक मारली आणि आपण आतल्या खोलीत असलो तर आतून उत्तर देतात तो.

मी म्हणून पाहिला. मुली परत हसायला लागल्या. बाईंच्या कपाळाला आठी पडली. चुकीचा उच्चार त्यांना चुकीच्या बेरजेइतकाच सहन होत नसावा. त्यांनी छत्री मिटली, रेघेवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, तुम्ही राहू द्या, मी सांगते. मग लांबुडकीला घाईच्या मागे उभं करून त्यांनी तो शब्द तिच्याकडून म्हणून घेतला. परत म्हणून घेतला. एवढ्या हळू आवाजात कोणाला ऐकू जाणार, म्हणून पुन्हा. मी बाजूला झाले. माझा जीव भांड्यात पडला, कारण बाई मैदानात आल्या होत्या. आणि त्याच क्षणी काहीतरी हातातून सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जुनी सवय मोडायला मी दंड ठरवला. जो कोणी ‘आए’ म्हणेल त्याने मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या आठवड्यात मुली सारख्या धावत होत्या. दुसऱ्यात त्या शिकल्या. मी नाही शिकले. गडबडीत माझ्या तोंडून तेच निघायचं आणि मुली टाळ्या पिटायच्या, “कोच, फेरी!” मी धावायचे. त्या वर्षी सर्वांत जास्त फेऱ्या मीच मारल्या असतील. धावताना मनात यायचं, स्वतःच्याच भाषेचा दंड भरणारी मीच एक शहाणी.

बाई आता रोज यायच्या. छत्री रेघेवर ठेवायच्या, बूट बदलायच्या. बूट त्यांच्या मुलाचे होते, पुढे कापूस कोंबलेला. त्यांना चेंडू मारता येत नव्हता, शेवटपर्यंत आला नाही, पण हाक हा विषय त्यांनी असा धरला की मला तोंडात बोट घालायची पाळी आली. एके दिवशी त्यांनी गळ्यातला रुमाल सोडून घाईच्या डोळ्यांवर बांधला. बाकीच्या मुली भोवती उभ्या केल्या. कोणी एकीने हाक मारायची आणि घाईने आवाजावरून तिच्याकडे चेंडू द्यायचा. पहिल्यांदा घाई गोंधळली, चेंडू कुठेच्या कुठे. हळूहळू जमायला लागलं. शेवटी शेवटी तर ती आवाजावरून मुलगीही ओळखायला लागली. घाईची घाई गेली. जी गोष्ट मला इतक्या महिन्यांत साधली नाही ती एका रुमालाने झाली.

मला मत्सर वाटला. हो, मत्सरच. मी माझ्या कामात यशस्वी होत होते आणि रेघेबाहेर उभी राहून फुरंगटत होते. मुली आता अडलं की बाईंकडे बघायच्या. त्यांच्या भाषेत भराभर काही बोलायच्या, हसायच्या, मग कोणालातरी माझी आठवण व्हायची आणि तोच विनोद सोपा करून मला सांगितला जायचा. सोपा केलेला विनोद म्हणजे कोमट चहा.

एकदा बाई मला घरी घेऊन गेल्या. छोटंसं घर, दोन वाढती मुलं, नवरा, सासरे. मी पुढच्या खोलीत बसले होते. त्या घरात कोणी कोणाकडे बघून बोलतच नव्हतं. सासरे मागच्या खोलीतून विचारायचे, स्वयंपाकघरातून बाई उत्तर द्यायच्या, न्हाणीतून मुलगा टॉवेल मागायचा, नवरा कुठूनतरी ‘आणतो’ म्हणायचा. आणि मध्येमध्ये तो शब्द. कोणीतरी हाक मारली की आतून तो ओठ मिटणारा शब्द यायचा. इतक्या सहज की म्हणणाऱ्याला आपण म्हटलं हेही कळत नसेल. मी चहा संपवला. आणखी घ्या म्हणाल्या तर नको म्हणाले आणि लवकर निघाले. खोलीवर येऊन आईला फोन करावासा वाटला, पण खिडकीबाहेर हात काढून उभी राहिले आणि तशीच राहिले. काय सांगणार होते तिला?

पुढच्या फोनवर दादा मध्येच बोलला. त्याने विचारलं, आता तरी घरी येणार आहेस का कायमची, की पुढे आणखी कुठे? पुढच्या देशाचं माझं ठरलं होतं. मी सांगितलं. त्याने ते आईला मोठ्याने सांगितलं. मग म्हणाला, “आई विचारते, तिथे तुझं कोणी आहे का?”

मी म्हणाले, संघ आहे ना माझा. आणि विषय बदलला. संघ कसला माझा, तो तर बाईंचा व्हायला हवा होता. त्यासाठीच तर माझा आटापिटा चालला होता.

सामन्याच्या दिवशी साहेब आधीच येऊन बसले होते, तेच स्वच्छ बूट. मैदान दुसऱ्या शाळेचं, गवत आमच्यापेक्षा बरं. मी ठरवलं होतं की आज बाकावरून उठायचं नाही. सूचना बाई देतील. त्या रेघेला चिकटून उभ्या राहिल्या, मुलाच्या बुटांत, मिटलेली छत्री काठीसारखी टेकवून.

पहिला गोल आम्ही खाल्ला. दुसऱ्या भागात घाई चेंडू घेऊन कोपऱ्यात गेली आणि दोघींनी तिला झेंड्यापाशी कोंडलं. नेमकी तीच जागा, तीच वेळ. पूर्वीची घाई असती तर डोकं खाली घालून घुसली असती आणि चेंडू घालवून बसली असती. मी बाकाची कड धरली. मागून लांबुडकी ओरडली, स्वच्छ, मोठ्याने, बाईंनी शिकवलेला शब्द. घाईने वळूनही पाहिलं नाही. टाचेने चेंडू मागे सारला. लांबुडकीने तो आत हाणला आणि तो समोरच्याच एका मुलीच्या गुडघ्याला लागून गोलात गेला. दिसायला अगदी ओबडधोबड गोल. पण गोल.

शेवटी आम्ही एका गोलने हरलो. त्यांचा शेवटचा गोल ऑफसाइड होता असं बाईंचं म्हणणं होतं. त्या छत्रीसकट मैदानात शिरल्या आणि पंचांना त्यांनी असं काही धारेवर धरलं की दोन्ही शाळांच्या मुली गप्प उभ्या राहून ऐकत होत्या. खरं तर तो ऑफसाइड नव्हता. मी बोलले नाही. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, थोडा वेळ ते भांडण पाहत राहिले आणि म्हणाले की या बाई आता परत पायऱ्यांवर जाऊन बसत नाहीत. परत येताना बसमध्येच बाईंनी मुलींना पुढच्या वर्षीच्या सरावाच्या वेळा सांगून टाकल्या. मला विचारलंही नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

मी आनंदात होते. खरंच होते. फक्त सामनाभर मी कान देऊन बसले होते की एखादीची तरी जीभ घसरेल. एकीचीही घसरली नाही.

निघायचा दिवस आला. मुलींचं रडून, मिठ्या मारून सकाळीच झालं होतं, मग त्यांची परीक्षा होती, त्या वर्गात गेल्या. दुपारी शाळेच्या फाटकाशी गाडी येऊन उभी राहिली, माझी बॅग तिच्यात चढली. एकच काम उरलं होतं, चेंडू कोठीत ठेवायचे. मोकळं मैदान. मी सगळे चेंडू जाळीच्या पिशवीत भरले आणि पिशवी पाठीवर घेतली. एका हातात खुणेचे शंकू, काखेत जाळी, कोठीची किल्ली तोंडात. सगळं एका खेपेत नेण्याची माझी जुनी खोड. एकट्या माणसाला दुसरी खेप नको वाटते. निम्म्यावर आले आणि पिशवी घसरायला लागली. एक हात मोकळा करावा तर शंकू पडणार, थांबावं तर जाळी. मी वाकून, तिरकी होऊन, रडवेली होऊन तशीच मैदानाच्या मध्ये उभी राहिले. एवढ्याशा गोष्टीने रडू यावं इतकी मी लेचीपेची नाही, पण आलं.

मागून कोणीतरी म्हणालं, “आहे.”

‘आए’ नाही. ‘आहे’. मधला ‘ह’ पूर्ण, जरा जास्तच जोर देऊन, जसा एकटीने बसून घोटून पाठ केलेला असावा. वळून बघायची माझी इच्छा झाली आणि मी वळले नाही. खांदा सैल केला आणि पिशवी मागे सोडली.

ती पडली नाही.

मोकळ्या झालेल्या हाताने मी डोळे पुसले. मग तोंडातली किल्ली काढून, अजूनही पुढेच बघत म्हणाले, “बाई, दंड. एक फेरी.”

“मारते,” मागून बाई म्हणाल्या. “तुम्ही गेल्यावर मारते.”

कोठीपर्यंत आम्ही तशाच गेलो, मी पुढे, त्या मागे. किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. मी गाडीत बसले. शाळेच्या भिंतीला वळसा घालताना मैदान दिसतं हे मला माहीत होतं, आणि मी वर्षभर मुलींना सांगत आले होते की मागे बघायचं नसतं. मी मागे बघितलं. बाई मिटलेली छत्री हातात घेऊन रेघेने धावत होत्या. धावण्याची पद्धत साफ चुकीची होती, खांदे वर चढलेले, मुठी आवळलेल्या, मुलाचे बूट फटाफट वाजत असणार. पण त्यांनी एकही कोपरा गाळून फेरी आखूड केली नाही, निदान मला दिसत होतं तोवर तरी.